निम्म्याहून चार कमी

ही हकिकत मी कुणाला सांगू नये, असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं, म्हणजे माझं आणि हिचं, एकमत आहे. तरीही सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो ती वाढवून सांगेल, आणि वाढवायला तिच्यात जागाच राहिलेली नाही.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदार मला लांबून पाहतात, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं काहीतरी घाईघाईने काढतात आणि मग तोंडभर हसून 'या साहेब' म्हणतात. सव्वीस वर्षं मी लोकांचे काटे, लिटरची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या आणि पेट्रोलपंपांची यंत्रं तपासत आलो. या सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एकही ठपका नव्हता. 'नव्हता' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

ही, म्हणजे माझी बायको, दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करते. मागच्या खोलीत, दार लावून, खिडकीला रजई टांगून. तेवढा वेळ मी पंखा लावायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही आणि शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकायचं, असे नियम आहेत. वाचनालयातल्या मुलांची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि ही त्यांचं इतिहासाचं पुस्तक वाचत होती. एक दिवस ती वैतागून बाहेर आली.

"अहो, हा कॉम्प्युटर मधेच अडकतो. पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. आज एकच राजा तीनदा मेला."

मी लगेच खुर्ची ओढून बसलो. घरात हिने माझ्याकडे तांत्रिक अडचण घेऊन यायची ही पहिलीच वेळ होती. एरवी ती प्लंबरकडे जाते.

अशा वेळी शेजारी कसे कोण जाणे, पण वासावर येतात. तळमजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्याला चार दिवस विश्रांती द्या. गळा बसतो ना, तसंच असतं." वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब बँकेतून निवृत्त झाले आहेत, पण कर्ज नाकारताना लागणारा चेहरा त्यांनी बँकेत परत केलेला नाही. तोच चेहरा करून ते म्हणाले, "मेमरी बदला. पण नुसती मेमरी नको. तिचा वेग बघा. लोक वेग बघत नाहीत आणि फसतात."

फसतात हा शब्द कानावर पडला की माझ्यातला निरीक्षक जागा होतो. मी आलेख-कागद आणला, पट्टी आणली, आणि तीन आठवडे मेमरीच्या वेगाचा अभ्यास केला. एकवीसशे तेहतीस, चोवीसशे, सव्वीसशे सहासष्ट, बत्तीसशे. हा आकडा जितका मोठा तितका चांगला. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, तो मात्र जितका लहान तितका चांगला. असा व्यवहार बाजारात कुणी माझ्यासमोर केला असता तर मी त्याचा काटा उचलून नेला असता. शिवाय असं कळलं की मेमरीची जुनी संथ पट्टी आणि नवी वेगवान पट्टी एकत्र बसवली, तर दोघी संथ चालीने चालतात. हे मात्र मला चटकन पटलं. आमच्या कार्यालयात नवीन माणूस आला की दुसऱ्या महिन्यापासून मी हेच बघतो.

तीन आठवड्यांत हिचे आणखी पाच राजे दोनदोनदा मेले. "घेताय का नाही घेताय?" असं तिने विचारलं, तेव्हा मी तिला आलेख दाखवला. तिने तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

शेवटी पोस्टामागच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकान जिन्याखाली. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. मालकीणबाई चाळिशीच्या, कपाळावर भिंग चढवलेल्या. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना ताई म्हणतात.

"कॉम्प्युटरवर काय काम करता, साहेब?" त्यांनी विचारलं.

मी हिचं काम सांगितलं, आणि कॉम्प्युटरचं मॉडेलही.

"मग वेगाचं डोक्यातून काढून टाका. तुमच्या मशीनमध्ये मेमरीच कमी आहे. टेबल लहान आहे, फायली मावत नाहीत, म्हणून माणूस सारखा कपाटाकडे धावतोय. टेबल मोठं करा. तो किती जोरात धावतो याने आवाजाच्या कामात काही फरक पडत नाही. ही सव्वीसशेसहासष्टची घ्या, उरलेल्या पैशात वहिनींना चांगला माइक येईल."

मी आलेख-कागद काढून काउंटरवर पसरला.

"मला बत्तीसशेच हवी."

ताईंनी कागद पाहिला. "तुमच्या मशीनचा बोर्ड घेईल बत्तीसशे. तुमची मर्जी. मशीन आणा, दोन मिनिटांत बसवून देते."

"आम्ही रोज यंत्रं उघडतो," मी म्हणालो. त्यांनी पावती केली, उलटी करून मागे काहीतरी खरडलं आणि दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या. पावतीची मागची बाजू पुरावा म्हणून धरत नाहीत, त्यामुळे मी ती कधी वाचत नाही. पावती फायलीत लावली.

घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. आत एका ओळीत चार खाचा. मी जुनी पट्टी काढली आणि नव्या दोन्ही शेजारी शेजारी, एकीला एक लागून, पेटीत वजनं ठेवतात तशा नीट बसवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. ही आत गेली, दार लागलं. अर्ध्या तासाने बाहेर आली ती हसत. "एकदम छान चालतोय. राजा एकदाच मेला आणि मेलेलाच राहिला."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. कुठल्याही शहाण्या माणसाच्या घरात ती इथे संपली असती.

पण रविवारी दुपारी, ही पडली असताना, मला वाटलं, एकदा मोजून बघावं. खोट्या मनाने नाही, सवयीने. दूधवाल्याची पिशवीसुद्धा मी काट्यावर ठेवून बघतो. वेग मोजणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मिळाला. तो उघडला, मेमरीच्या पानावर गेलो आणि आकडा पाहिला. पंधराशे शहाण्णव. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पंधराशे शहाण्णव. पट्ट्यांचं पाकीट काढून पाहिलं. पाकिटावर ठळक अक्षरांत बत्तीसशे.

निम्मं! आणि निम्म्याहूनही चार कमी!

मला राग आला असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला एक प्रकारचा आनंद झाला. इतका स्वच्छ गुन्हा मी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. मी हिला उठवलं. तिने पडदा पाहिला, पाकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चालतोय ना तो?"

"चालतोय. पण..."

"मग मोजताय कशाला?" असं म्हणून ती पुन्हा आडवी झाली. हा प्रश्न आमच्या खात्यातल्या माणसाला विचारू नये, इतकंच मी मनात म्हणालो.

मॅनेजरसाहेबांना मात्र उठवावं लागलं नाही, ते जिन्यातच होते. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "पट्ट्या किती? दोन. एकीचा वेग सोळाशे. दोघींचा मिळून बत्तीसशे. त्या बाईने बेरीज करून दोन्ही पाकिटांवर छापलीय." मी हादरलो. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या आणि दोन्हीवर 'एक किलो'! इतकी वर्षं मी भाजीवाल्यांच्या मागे कशाला फिरत होतो, असं मला झालं.

सोमवारी सकाळी मी ओळखपत्र गळ्यात घालून दुकानात गेलो. माझ्याच खरेदीची तक्रार मी तपासू नये, ती दुसऱ्या निरीक्षकाकडे द्यावी, असा नियम आहे. तो मला माहीत होता. तो मी नव्या निरीक्षकांना शिकवतो.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तो प्रोग्रॅम नुसते ठोके मोजतो. ही मेमरी एका ठोक्यात दोनदा माल पोचवते. ठोका वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा. सोळाशे ठोके, बत्तीसशे खेपा. पाकिटावर खेपांचा आकडा असतो. सगळ्या कंपन्या असंच छापतात."

आता माझ्या जागी स्वतःला ठेवून बघा. दहा वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याने मला सांगितलं होतं की त्याचा काटा वर जाताना थोडा आणि खाली येताना थोडा, असं मिळून बरोबर वजन दाखवतो. एका पंपवाल्याने सांगितलं होतं की गरम दिवसात लिटर मोठा होतो. खोटं माप देणाऱ्या प्रत्येक माणसाकडे असा एक वर-खालीचा खुलासा तयार असतो. ताईंचा खुलासा त्या सगळ्यांत सर्वांत सुबक होता, आणि तेवढ्यानेच मला तो सर्वांत खोटा वाटला.

"हे मला प्रत्येक दुकानदार सांगतो, बाई," मी म्हणालो. ताई म्हणालो नाही.

मी पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचा किल्ल्या बनवणारा आणि मुद्दाम आलेले मॅनेजरसाहेब. किल्लीवाला म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही." मी म्हणालो, "नुसती सही करायची आहे." आत एका खोक्यात बत्तीसशेच्या वीस पट्ट्या निघाल्या. त्या मी कापडी पिशवीत घालून तोंडाला लाखेचं सील केलं.

"साहेब, तेवढ्या नेऊ नका," ताई पहिल्यांदाच घाईने बोलल्या. "त्या वाचनालयाच्या आहेत. दहा मशीनं आहेत त्यांची, बुधवारी बसवायच्या आहेत. मुलं खोळंबलीत."

कुठलं वाचनालय, हे मी विचारलं नाही. शटरवर नोटीस चिकटवली, 'या दुकानातील मालाच्या मापाबाबत चौकशी चालू आहे', चारही कोपरे अंगठ्याने दाबले आणि निघालो.

कार्यालयात अडचणी सुरू झाल्या. हेडक्लार्कने जप्तीचं रजिस्टर उघडलं. रकाना एक, वजन. रकाना दोन, लांबी. रकाना तीन, आकारमान. "वेग कुठे लिहू?" त्याने विचारलं. आम्ही दोघांनी नियमांचं पुस्तक पालथं घातलं. त्यात ठोके नव्हते, खेपा नव्हत्या. शेवटी त्याने 'इतर द्रव पदार्थ' मध्ये नोंद केली. मग म्हणाला, जप्त मालाचं वजन लिहिल्याशिवाय कोठीत घेता येत नाही. वीस पट्ट्यांचं वजन केलं. पिशवी आणि लाख धरून एक किलो भरलं नाही. ती पिशवी भंगारवाल्यांच्या काट्यांच्या आणि फुटक्या मापांच्या राशीवर जाऊन बसली. माझा घरचा कॉम्प्युटरही पुरावा म्हणून कार्यालयात न्यावा लागला. हिला मी सांगितलं, सर्व्हिसिंगला दिलाय. तिला मी खोटं बोललो, हेही इथे लिहून ठेवतो.

गुरुवारी ही वाचनालयातून आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"दहाच्या दहा मशीनं उघडी पडलीत. जुन्या पट्ट्या आधीच काढून ठेवल्या होत्या, नव्या आल्याच नाहीत. मुलं दाराशी येऊन परत गेली. परीक्षेला तीन आठवडे राहिलेत आणि त्यांना पुस्तक ऐकायला मिळत नाहीये. कुणा इन्स्पेक्टरने त्या ताईंचा माल उचलून नेला म्हणे. शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी बैठक आहे. ताईंचं नाव तोवर स्वच्छ झालं नाही तर काम दुसऱ्याला देणार. आणि तो म्हणतो, दोन महिने लागतील."

मी छताकडे बघत होतो. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही?"

एवढंच. ती ओरडली असती तर मी नियम सांगितला असता, कलम सांगितलं असतं. ती उठून मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत कॉम्प्युटर नव्हता. तरी ती आत बसली.

पुढच्या बुधवारी इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक तपासणीला आले. आमच्या साहेबांच्या खोलीत साहेब, हेडक्लार्क, ताई आणि मी. ताईंनी कपाळावरचं भिंग घरी ठेवलं होतं, त्यामुळे त्या वेगळ्याच दिसत होत्या. दुकानात दहा दिवसांत चार गिऱ्हाइकं आली, असं त्या हेडक्लार्कला सांगत होत्या. तक्रार म्हणून नाही, त्याने विचारलं म्हणून.

प्राध्यापकांनी माझ्या कॉम्प्युटरवरचा आकडा पाहिला, पाकीट पाहिलं आणि विचारलं, "तक्रार नेमकी काय आहे?"

मी उभा राहून तक्रार सांगितली. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्यांचं उदाहरणसुद्धा दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, ही त्यांची सभ्यता.

"दोन माणसांनी ओढायची करवत पाहिलीय तुम्ही?" ते म्हणाले. "ती येतानाही कापते आणि जातानाही. तुम्ही हेलपाटे मोजले आणि काप निम्मेच पडले असं धरून करवतवाल्याला पकडलंत. सोळाशे गुणिले दोन, बत्तीसशे. माल बरोबर आहे."

ताईंनी हेच सांगितलं होतं. करवत तेवढी नव्हती.

"आणि ते चार कमी?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. बुडताना माणूस हात मारतो.

"तुमच्या काट्यांना थोड्याफार फरकाची मुभा असते ना?"

असते. किती असते, कुठल्या काट्याला किती, याचं कोष्टक मला तोंडपाठ आहे. त्यावर मी दर वर्षी दोन तास व्याख्यान देतो. चार म्हणजे त्या मुभेच्या आतच होते.

एवढ्यावर भागलं असतं, पण प्राध्यापकांनी सहज म्हणून कॉम्प्युटरचं झाकण काढलं. "या कुणी बसवल्या?"

"मी."

"शेजारी शेजारी बसवल्यात. दोघी एकाच वाटेने ये-जा करतायत. मधली खाच सोडून बसवल्या असत्या तर दोन वाटा मिळाल्या असत्या. खरं निम्मं इथे झालंय."

हेडक्लार्क सवयीप्रमाणे पुराव्याचे कागद चाळत होता. पावती हा पुरावा क्रमांक एक. ती त्याने उलटी केली आणि रजिस्टर वाचतो त्या खणखणीत आवाजात वाचलं, "'एक सोडून एक खाच.' मागे लिहिलंय, साहेब."

मी ताईंकडे पाहिलं नाही. माझे कान इतके तापले होते की त्यावर लाख वितळली असती. लाज वाटणं म्हणजे काय, हे मला वाटत होतं की मला माहीत आहे, कारण मी इतरांना ती वाटताना पुष्कळ पाहिलं होतं. ते तसं नसतं. आपण त्या खोलीत आहोत आणि ती खोली आपल्याशिवाय जास्त चांगली दिसेल, असं काहीतरी ते असतं.

सगळे गेल्यावर साहेबांनी दार लोटलं.

"माल परत करा. आदेशात लिहा, 'संशयाचा फायदा देऊन.'"

"साहेब, संशय उरलाच नाही."

"अहो, मग खातं चुकलं असं लिहायचं? आजवर लिहिलंय कधी? तुमची बढतीची फाईल वर गेलीय, आठवतंय ना?"

आठवत होतं. मी सही केली. पेन अडलं नाही, चांगली वळणदार सही आली.

शुक्रवारी दुपारी सीलबंद पिशवी आणि आदेश घेऊन गल्लीत गेलो. शटरवर माझी नोटीस होती, चारही कोपरे पक्के. ताईंनी आदेश दोनदा वाचला.

"संशय तुमचा. मग फायदा मला कसा काय?"

"ती कायद्याची भाषा असते."

"साहेब, उद्या बैठकीत हा कागद वाचून दाखवला की ऐकणाऱ्याला काय वाटेल? बाईने केलं असेल, सापडली नाही एवढंच. असंच ना?"

असंच होतं. मी अशा आदेशांवर सुटलेल्या माणसांकडे आयुष्यभर त्याच नजरेने पाहिलं आहे.

"तुमची कायद्याची भाषा तुमच्याकडे ठेवा," ताई म्हणाल्या. "मला साध्या भाषेत एक लिहून द्या." त्यांनी कोरा कागद आणि पेन काउंटरवर ठेवलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी लिहिलं, 'सदर प्रकरणी गैरसमज झाला होता.'

ताईंनी वाचलं. "कुणाचा?"

मी खोडलं. लिहिलं, 'तपासणीत त्रुटी राहून गेली.'

"कुणी ठेवली?"

बाहेर किल्लीवाल्याचं यंत्र थांबलं होतं. तो कानशीने उगाचच एक किल्ली घासत आमच्याकडे बघत होता. सव्वीस वर्षांत मी हजारो अहवाल लिहिले, आणि त्यातल्या एकातही 'मी' हा शब्द नाही. 'आढळून आले', 'करण्यात आले', 'निदर्शनास आले'. कुणाला आढळलं, कुणी केलं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी दुसरा कागद मागितला. त्यावर लिहिलं, 'या दुकानातला माल लेबलप्रमाणे बरोबर होता. मला मोजता आलं नाही. ताईंनी मला नीट समजावून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे.' खाली सही, नाव, हुद्दा. बॅगेत शिक्का होता, तोही मारला. तो शिक्का असा मारायचा नसतो. सोमवारी साहेबांना कळेल तेव्हा कळेल.

ताईंनी कागद वाचला, घडी घातली, पण ठेवला नाही. माझ्याच हातात दिला.

"उद्या चार वाजता. तुम्हीच घेऊन या."

वाचनालय म्हणजे एका जुन्या शाळेच्या दोन खोल्या. लांब टेबलाभोवती समितीची सात माणसं. भिंतीशी बाकावर ही बसली होती, वाचक म्हणून. तिच्या शेजारी पाच-सहा मुलं, मांडीवर हात ठेवून. दहा कॉम्प्युटर झाकणं काढून ओळीने उभे. ताई पिशवी घेऊन दारापाशी उभ्या होत्या. समितीचे अध्यक्ष सत्तरीचे, जन्मापासून दृष्टी नसलेले. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी बोटांनी तो चाचपला आणि परत सरकवला. "मला यावरची सही दिसत नाही, शिक्काही दिसत नाही. तुम्हीच लिहिलंय म्हणता, तर तुम्हीच वाचा."

मी वाचायला उभा राहिलो. मला वाटलं होतं, इथे निदान माझा चेहरा फारसं कुणी पाहणार नाही. पण त्या खोलीत जितक्या लक्षपूर्वक माझं बोलणं ऐकलं जात होतं, तितक्या लक्षपूर्वक ते आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. पहिलं वाक्य नीट गेलं. 'चूक माझी आहे' हे तीन शब्द वाचायला मला तीन वेगळे श्वास लागले.

"त्यांनी समजावून सांगितलं होतं," अध्यक्ष म्हणाले. "मग ऐकलं का नाहीत?"

हे कागदावर नव्हतं. भंगारवाल्याची गोष्ट माझ्या तोंडावर आली होती. पंपवाल्याची पण. दोन्ही खऱ्या होत्या, आणि दोन्ही सांगितल्या असत्या तर समितीने मान डोलावली असती. तुम्हालाही मी वर त्याच सांगितल्या. एक गोष्ट गाळली.

"मी पहिल्यांदा दुकानात गेलो होतो तेव्हा," मी म्हणालो, "ताई म्हणाल्या, तुम्हाला एवढ्या वेगाची गरज नाही. मी तीन आठवडे अभ्यास करून गेलो होतो. मी माझा कागद पसरला. मागे एक गिऱ्हाईक उभं होतं. ते हसलं."

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

"एवढ्यासाठी वीस पट्ट्या उचलून नेल्यात?"

"एवढ्यासाठी."

हिने मान खाली घातली. एक मुलगी शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. टेबलावरचे एक गृहस्थ खोकले. अध्यक्ष टेबलावर बोटं फिरवत होते.

"खरं असावं," ते शेवटी म्हणाले. "खोटं सांगायचं असतं तर माणसाने यापेक्षा मोठं कारण शोधलं असतं. ताई, लावा पट्ट्या."

ताई पुढे आल्या आणि पिशवीचं सील तोडायला लागल्या. सील माझं होतं, पक्कं बसलं होतं, तुटेना. मी मदतीला हात पुढे केला.

"राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या, आणि दाताने दोरी तोडली.